तीन नंबरच्या भट्टीचं दार

दार छातीइतकं चढलं होतं, तेव्हा आतून साहेब पहिल्यांदा बोलला.

"पाणी," तो म्हणाला.

नाना गवंड्याचा हात थांबला नाही. त्यानं पुढची वीट उचलली, तिला खालून चिखलाचा गारा फासला आणि ती ओळीत बसवून थापीच्या दांड्यानं ठोकली. भट्टी भरून झाली की तिचं दार विटांनी चिणायचं काम त्याचंच होतं, आणि त्या दिवशीही तो ते रोजच्यासारखंच निगुतीनं करत होता. फरक एवढाच, की त्याचा एकुलता एक मुलगा, बाळकू, मागं अंगणात पोत्याखाली पडला होता, आणि ज्यानं त्याला गोळी घातली तो भट्टीत होता.

मी नानाला गारा देत होते. घमेलं कमरेवर होतं आणि मला पाचवा महिना होता. मागं सगळा कारखाना उभा होता. सकाळपासून इतकं ओरडून झालं होतं, की आता कुणाच्या घशात आवाज उरला नव्हता.

"पाणी," साहेब पुन्हा म्हणाला. मराठी तो आमच्यासारखीच बोलायचा. इथंच जन्मलेला, इथंच वाढलेला.

"ऐकू नगासा त्याचं," भट्टीच्या पलीकडून केरबा ओरडला. "नाना, हात चालवा."

केरबा माझा नवरा. भट्ट्यांचा मिस्त्री. तेव्हा मी त्याचं नाव तोंडानं घेत नसे. आता घेते.

वाळवंडीची लँगरिज पॉटरी तुम्ही पाहिली नसेल, पण त्या मुलखात तिची बरणी नाही असं घर नव्हतं. वर तपकिरी, खाली पांढरी, आणि बुडाला लंगराचा शिक्का. बायका 'लंगरछाप' म्हणूनच मागायच्या. साहेबाचा आजा विलायतेतल्या कुंभारांच्या मुलखातला. तिकडं गावंच्या गावं मातीची भांडी करून जगतात, असं साहेब सांगायचा. आजा रेल्वेसाठी मोऱ्यांचे नळ करायला म्हणून इकडं आला. आमच्या टेकडीची पांढरी माती त्यानं जिभेला लावून पाहिली, आणि संस्थानच्या राजाकडून टेकडी मागून घेतली. त्यानं पहिली भट्टी बांधली, त्याच्या मुलानं दुसरी. तिसरी नातवानं बांधली. हा नातू म्हणजे आमचा साहेब. आम्ही त्याला लंगरीसाहेब म्हणायचो.

बरणीला चमक येते ती झिलईनं. झिलईखान्यात पांढऱ्या पाण्याचे हौद होते. बाया कोपरापर्यंत हात घालून बरण्या बुडवायच्या, फिरवायच्या, काढायच्या. त्या पाण्यात शिसं असायचं. ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी शिशानं काय होतं हे आम्हाला कुठं ठाऊक होतं? पोटात कळा यायच्या. हिरड्यांवर निळी रेघ उठायची, ती आम्ही मिसरीची समजायचो. मग मनगटं लोंबायची. कासाराकडं बांगड्या भरायला गेलं, की तोच हात उचलून धरायचा, कारण बाईला तो उचलता यायचा नाही. आणि मुलं राहायची नाहीत. झिलईखान्यातल्या बाईचं मूल राहिलं तर ती गावजेवण घालील, असं लोक हसून म्हणायचे. मी झिलईखान्यात होते तेव्हा माझीही दोन गेली होती.

माझी नणंद शेवंता तिथंच कामाला. लग्न होऊन वर्षाच्या आत नवरा वारला, म्हणून भावाकडं परत आलेली. हसरी पोर. बरण्या बुडवताना गाणी म्हणायची, आणि साहेब येताना दिसला की गाणं न तोडता शब्द बदलून त्याचीच टिंगल करायची. उन्हाळ्यात तिला झटके यायला लागले. शेवटचे आठ दिवस तिला दिसत नव्हतं. माझ्या तोंडावर हात फिरवून विचारायची, "वैनी, हाईस न्हवं?" हात कसला, मनगटापासून लोंबणारी बोटं. ती एका झटक्यातच गेली, दातात जीभ धरून.

तिला जाळून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी झिलईखान्याच्या बाया आत जाईनात. दारात बसून राहिल्या. पुढं राहीमावशी. ती सगळ्यांत जुनी. तिची दोन्ही मनगटं गेलेली, तरी कोपरांनी बरण्या कवटाळून काम करायची.

साहेब आला. म्हणाला, "मावशी, उठा. भट्टी भरायची आहे."

"शेवंता कशानं मेली ते सांगा, मग उठतो."

"ताप होता."

"ताप न्हवता, सायेब. मी उशाशी हुते."

साहेबानं घड्याळ पाहिलं. "ज्यांना काम नको त्यांनी घरी जावं. फाटकाबाहेर बाया उभ्या आहेत." आणि तो कचेरीत निघून गेला.

त्यानंतर दरवान आले. त्यांनी बायांना ओढायला सुरुवात केली. राहीमावशी उठेना, तेव्हा एकानं तिच्या डोक्यात काठी घातली. तिला हात वर करून वार अडवता येत नव्हता. तिनं नुसतं तोंड फिरवलं. दुसरी काठी कानावर बसली आणि रक्त तिच्या लुगड्यावर उडालं.

साचेखान्यातले पुरुष हे बघत होते. ते धावले. पुढं काय झालं त्याची मला सलग आठवण नाही, तुकडे आहेत. एका दरवानाच्या तोंडावर बरणी फुटली आणि त्याचे दात खळाखळा फरशीवर पडले. दुसऱ्याला चौघांनी उचलून पातळ मातीच्या हौदात टाकलं. तो वर आला की त्याला बांबूनं पुन्हा खाली दाबायचे. काही वेळानं तो वर आला नाही. मग लोक गवतखान्यात घुसले. तिथं तयार बरण्या गवतात बांधून ठेवलेल्या असत, आणि मी तिथंच कामाला होते. ढिगावर ढीग फुटत होते. पाय ठेवायला जागा नव्हती, आणि अनवाणी माणसं त्याच खापऱ्यांवरून धावत होती.

कचेरीच्या माडीवरून गोळी सुटली. पहिली हवेत गेली असावी. दुसरी बाळकूच्या गळ्यात बसली. तो दंग्यात नव्हताच. बापाला शोधत आला होता. गळा धरून तो दोन पावलं चालला, आणि हात सुटल्यावर खाली बसला.

साहेबाच्या गोळ्या संपल्या, तेव्हा लोकांनी जिना चढून त्याला फरपटत खाली आणलं. त्याचा एक पाय उलटा वळला होता. लाथा बसत होत्या, कुणीतरी त्याच्या तोंडात चिखल कोंबत होतं. आणखी थोड्या वेळात तो तिथंच मेला असता.

"इथं नगं," असं एक माणूस बोलला. "तीन नंबर भरल्याली हाय. आत टाका. दार लिंपा."

ते पहिल्यांदा कोण बोललं, हे पुढं कोर्टात प्रत्येकाला विचारलं गेलं. कुणाला आठवलं नाही. मी जवळ होते. बोलला तो केरबा.

त्याची बहीण कालच जळाली होती, म्हणून कुणाला त्यात नवल वाटलं नाही. मलाही नाही. मी आपणहून घमेलं उचललं.

तर दार छातीइतकं चढलं होतं. केरबा पलीकडं जाळाच्या तोंडांशी होता. भट्टीला अशी तोंडं सभोवार असतात, त्यांत कोळसा पेटवायचा. एक तोंड त्यानं दार पुरं होण्याआधीच पेटवलं. असं तो कधी करत नसे. धूर आत शिरला आणि साहेब खोकायला लागला.

मी विटांच्या फटीतून आत पाहिलं. बरण्या ठेवलेल्या मातीच्या डब्यांच्या थप्प्या छतापर्यंत गेलेल्या, आणि थप्पी नि भिंत यांच्या बेचक्यात तो पडला होता. एक डोळा सुजून मिटलेला.

"कोण आहे?" तो म्हणाला.

"गजरा. मिस्त्र्याची बायकू."

त्याचा उघडा डोळा माझ्या पोटावर आला. मग म्हणाला, "तुला कितवा महिना?"

मला वाटलं, ह्याच्या तोंडात निखारा घालावा. "तुमाला काय करायचंय? झिलईखान्यातल्या बायांस्नी असं इचारलं हुतं का कधी?"

"केरबाला बोलाव."

"त्यो जाळ घालतोय तुमच्यासाठनं."

साहेब खोकला, की हसला, कळलं नाही. "घालणारच," तो म्हणाला. "मी बोलायच्या आत त्याला घालायलाच पाहिजे."

नानाची वीट हातातच राहिली.

"काय बोलायचंय?" नानानं विचारलं. सकाळपासूनचा त्याचा हा पहिला शब्द.

साहेब फटीजवळ सरपटत आला. धुरानं त्याचा श्वास तुटत होता, म्हणून वाक्यं तुकड्यातुकड्यांनी येत होती. "दोन वर्षांपूर्वी मी विलायतेहून नवी झिलई आणली. बिनशिशाची. तिकडं शिशावर कायदे आहेत. डॉक्टर येऊन बायांच्या हिरड्या बघतो. केरबानं नव्या झिलईच्या दोन भट्ट्या भाजल्या. दोन्ही फुकट गेल्या. बरण्यांना फोड आले. तो म्हणाला, हिला लागते तेवढी आच माझ्या भट्टीला चढत नाही. जुनीच बरी. मी त्याला सांगितलं, जुनी बायांना खाते. कशी खाते तेही सांगितलं. पोटातली मुलं, मनगटं, डोळे. सगळं."

"मग?" मी म्हटलं.

"म्हणाला, माझ्या बायकोला तेवढी तिथनं काढा."

पलीकडं फावड्यानं कोळसा लोटल्याचा आवाज येत होता.

दोन वर्षांपूर्वी केरबा एका संध्याकाळी घरी येऊन म्हणाला होता, की उद्यापासून तू गवतखान्यात जायचं, तुझा खोकला मला बघवत नाही. मला खोकला नव्हता. पण नवरा काळजी करतो म्हणून मी हरखून गेले होते. शेवंताला मी ते पुन्हापुन्हा सांगितलं होतं, आणि तिनं माझी थट्टा केली होती.

"आन् तुमी?" मी फटीतून विचारलं. "तुमाला तर समदं ठावं हुतं."

"मी जुनीच चालू ठेवली," साहेब म्हणाला.

मी घमेलं खाली ठेवलं आणि वरच्या ओळीची वीट ओढली. गारा ओला होता, ती सहज निघाली. दुसरी काढली. मागं गलका झाला. "अगं ए, काय करतीस," असं कुणी ओरडलं, आणि केरबा भट्टीला वळसा घालून धावत आला. त्याच्या हातात जाळ ढोसायची लोखंडी सळी होती.

"माघारी हो," तो म्हणाला.

"त्यो काय म्हणतोय ते समद्यांस्नी ऐकू दे."

"खोटं हाय ते."

"काय खोटं हाय? त्यो काय बोलला ते तुमाला कुठं ठावं हाय? तुमी तर पल्याड हुता."

त्यानं सळी मारली. त्याआधी त्यानं माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. सळी उजव्या दंडावर बसली आणि आत काहीतरी काडीसारखं मोडलेलं मला ऐकू आलं. मी पडले ती पोट वाचवून, कुशीवर. त्यानं दुसऱ्यांदा सळी उचलली, तेव्हा नानानं ती वरच्यावर पकडली. सळीचं टोक तापून लाल झालं होतं. नानाच्या तळहाताचं कातडं चरचरलं, त्याचा वास आला, पण त्यानं पकड सोडली नाही.

"मी त्याला जित्ता सोडत न्हाई, केरबा," नाना म्हणाला. "माझा पोरगा हितं पडलाय. पर आदी त्यो बोलंल."

मग त्यानं स्वतः चढवलेलं दार स्वतःच लाथांनी पाडलं. चौघांनी साहेबाला काखेत धरून बाहेर काढलं आणि भट्टीला टेकवून उभं केलं. कुणीतरी पाणी दिलं. तो प्यायला आणि जे आम्हाला सांगितलं होतं, तेच सगळ्यांसमोर बोलला. स्वतःबद्दलचंही वाक्य त्यानं गाळलं नाही.

केरबा नाही म्हणाला नाही. तो म्हणाला, "भट्ट्या फुकट जात हुत्या. कारखाना बंद पडला असता. तुमी समदी काय खाल्लं असतं?"

राहीमावशी पुढं आली. काठीनं फुटलेल्या कानाशी रक्त सुकून काळं झालेलं. "केरबा," ती म्हणाली, "दोन वर्सं झाली. माझी सून गेल्या साली मेली. तिला तरी सांगायचं."

तो खाली बघायला लागला. तेव्हा ती त्याच्या अंगावर गेली. तिला मूठ वळता येत नव्हती. दगड धरता येत नव्हता. तिनं कोपर उचललं आणि ते त्याच्या तोंडावर मारलं. मग बाकीच्या बाया गेल्या. कुणी गुडघ्यांनी, कुणी डोक्यानं, कुणी लोंबते हात दोरीच्या फटक्यासारखे फिरवून. तो खाली पडल्यावर टाचांनी. एकही बाई ओरडत नव्हती. धापा तेवढ्या ऐकू येत होत्या, आणि त्यांच्या पायांखालून येणारा त्याचा आवाज. शेवटी तोही येईना.

पुरुष बघत उभे राहिले. मीही पडल्या जागेवरून बघत होते. मी त्यांना थांबवलं नाही. थांबवावं असं मला वाटलंही नाही.

संस्थानच्या पोलिसांची लॉरी फाटकातून आत आली, तेव्हा कुणाचं साहेबाकडं लक्ष नव्हतं. तो भिंतीला धरत, मोडका पाय ओढत, एकटाच लॉरीपर्यंत गेला होता. नानाला ते दिसलं तोवर शिपाई मध्ये आले होते. नाना तरीही थापी घेऊन धावला. त्यांनी त्याला बंदुकीच्या दस्त्यांनी खाली पाडलं. केरबाचा श्वास अजून चालू होता; त्यालाही त्यांनी लॉरीत घातलं.

हौदात बुडालेल्या दरवानाबद्दल दोघांना फाशी झाली. साहेबाला मारायला धावल्याबद्दल नानाला जन्मठेप झाली, आणि तुरुंगातच तो विषमज्वरानं गेला. कोर्टात साहेब कुबड्या घेऊन आला. झिलईबद्दल विचारल्यावर म्हणाला, की त्या वेळी आपण शुद्धीवर नव्हतो, भट्टीत काय बोललो ते आठवत नाही. बाळकूवरची गोळी स्वसंरक्षणार्थ ठरली. मी साक्ष द्यायला उभी राहिले, गळ्यात अडकवलेल्या हातानं. न्यायाधीशांनी विचारलं, नवरा तुरुंगात जावा अशी तुझी इच्छा आहे काय? मी म्हटलं, भट्टीच्या फटीतून मला जे ऐकू आलं ते सांगायला मी आले आहे. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

साहेब कारखाना विकून विलायतेला निघून गेला. ज्या शेटनं घेतला त्यानं जुनी झिलई दोन वर्षं चालवली. मग तीही बंद झाली आणि कारखानाही.

केरबाला सहा वर्षांची सजा झाली. साहेबाला भट्टीत कोंडल्याबद्दल, दुसऱ्या कशाबद्दल नाही. तो सुटून आला तेव्हा मी माहेरच्या गावी होते. दुपारच्या सर्व्हिस मोटारीनं आला. त्याचा एक डोळा बायांनी तेव्हाच घेतला होता. जबडा एका बाजूला गेलेला. ओसरीच्या पायरीवर बसला आणि मी दिलेलं पाणी प्यायला. अंगणात माझा मुलगा चिंचोके मांडून खेळत होता. केरबा त्याच्याकडं बघत राहिला.

मी भाकरी वाढली. तो जेवायला लागल्यावर विचारलं. इतकी वर्षं एवढंच विचारायचं होतं.

"शेवंताला का न्हाई काढलं?"

त्यानं घास चावून गिळला. मोडक्या जबड्यानं त्याला वेळ लागायचा.

"गवतखान्यात एकच जागा हुती," तो म्हणाला.

"मग तिला द्यायची."

त्यानं मान वळवून अंगणाकडं पाहिलं. "मग ह्यो नसता," तो म्हणाला.

त्यात खोटं काहीच नव्हतं. मी त्याला आणखी भाकरी वाढली, आणि तो जेवून हात धुऊन आल्यावर त्याचं गाठोडं उचलून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते खांद्याला लावलं. मोटार परत जायला थोडा वेळ होता. तो वडाच्या पाराकडं चालू लागला.

"आई, कोन हुतं गं?" पोरानं विचारलं.

"तुझा बाप."

चिंचोके टाकून पोरगं उठलं आणि त्याच्यामागं पळत सुटलं. मी दारात उभी राहिले. हाक मारली असती तर ते थांबलं असतं. मी मारली नाही.